जुना एसी काढताय? मशीनआधी बसवणारा ठरवा

तुमची खोली वरच्या मजल्यावर, खिडकी पश्चिमेला. मग दीड टनाच्या खाली जाऊच नका. एसीची क्षमता मोजतात ती बाहेर ३५ अंश धरून. आपल्या सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर गेला, की तेच मशीन कमी गार करतं. स्लॅबला पांढरा रंग मात्र आधी मारून घ्या, स्वस्तात काम होतं. रात्रभर चालवणार असाल तर पाच स्टार, नाहीतर तीन पुरे.

खरी गोम बसवणाऱ्यात आहे. फोनवरच विचारा, ‘व्हॅक्यूम पंप आणणार ना?’ माझ्याकडे आलेल्या पोरानं पंपाऐवजी थोडा गॅस सोडून पाइपातली हवा काढली आणि अर्ध्या तासात मोकळा. पुढच्या उन्हाळ्यात खोली गार होईना. पाइपच्या जोडावरच्या नटला (फ्लेअर नट) साबणाचं पाणी लावलं, तर बारीक बारीक फुगे! गॅस भरायचा खर्च माझ्याच माथी.

जुना एसी आर-२२ या जुन्या गॅसवर चालणारा असेल तर भिंतीतली जुनी तांब्याची पाइप पुन्हा वापरू देऊ नका. आत राहिलेलं जुनं तेल आर-३२ या नव्या गॅसच्या मशीनला चालत नाही. ‘चालतंय की’ म्हणणाऱ्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

पूर्व भागात राहत असाल, शेजारी यंत्रमाग असतील, तर बाहेरचं युनिट हात पोचेल अशा जागी बसवा. सुताचा भुसा जाळीत गोधडीसारखा बसतो. पाइप फुटावर किती, स्टँड किती, हे सगळं आधी कागदावर लिहून घ्या.