मुलं शहरात वाढताहेत, आमच्या गावाची ओढ त्यांना कशी लागेल?

तुम्ही लिहिलंय की गाव मिरज, राहता मुंबईत, आणि लेक सुट्टीत गावी यायला कुरकुरते. दिवसभर कानात हेडफोन, गाणी चालू. माझं माहेर कोल्हापूर, मंगळवार पेठ. लग्नानंतर पुण्यात आले, दोन्ही मुलं पुण्याचीच. पण कोल्हापूर म्हटलं की दोघं आधी बॅग भरतात. माझं मत विचाराल तर आपल्या लहानपणच्या आठवणी कितीही सांगा, मुलं ऐकून घेतात आणि विसरतात. त्यांना आधीच ज्याचं वेड आहे, त्याचा धागा गावात शोधून त्यांच्या हातात द्यावा. पुढचं ती स्वतःच बघतात.

आमच्या मुलाला मेस्सीचं वेड. आणि कोल्हापूर तर फुटबॉलवेडं गाव. कुस्तीच्या जुन्या तालमी, त्यांच्याच नावानं फुटबॉलचे संघ: पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल. मंगळवार पेठ विरुद्ध शिवाजी पेठ असा सामना असला की त्या दिवशी घरात दुसरा विषय नसतो. माझा भाऊ पाटाकडीलचा. त्यानं भाच्याला छत्रपती शाहू स्टेडियमवर नेलं आणि त्या दिवसापासून हा पोरगा आमच्यापेक्षा जास्त पेठेचा झाला. मेस्सी टीव्हीत दिसतो, इथं मात्र काल गोल मारणारा खेळाडू सकाळी कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा पिताना भेटतो आणि मामाला ‘काय दादा, बघितला का गोल?’ म्हणून हाक मारतो. बारा वर्षांच्या मुलाला याहून मोठं काय हवं! २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला, तेव्हा आपल्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, हेही त्याला मामानंच सांगितलं. २०२२ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात मेस्सीची अर्जेंटिना पेनल्टीवर जिंकली. दुसऱ्या दिवशी शाळा असूनही मी त्याला जागू दिलं, कारण पलीकडे व्हिडिओ कॉलवर मामा आणि अख्खी गल्ली होती. मेस्सी-रोनाल्डोचे भले मोठे कटआउट चौकात लागणारं गाव आपल्या आईचं आहे, याचा त्याला फार अभिमान.

पेठांची ईर्षा कधी कधी हाणामारीवर जाते, ते मला अजिबात आवडत नाही. भावाला मी बजावून ठेवलंय, वातावरण तापलं की पोराला घेऊन सरळ घरी यायचं.

थोरलीची तऱ्हा वेगळी. तिला खेळाचं काही नाही. फोनवर व्हिडिओ करायचे, कापायचे, जोडायचे, यात ती तासन्‌तास रमते. तिला खरी कॉर्नरला नेलं, कॅमेऱ्याचं स्मारक दाखवलं. बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी याच गावात स्वतःचा कॅमेरा बनवला, त्यावर सिनेमे काढले. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत शिकलेले शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर बाहेर पडले आणि १९२९ मध्ये कोल्हापुरातच ‘प्रभात’ ही त्यांची फिल्म कंपनी उभी राहिली. १९३३ मध्ये ती पुण्याला आली. आज पुण्यात जिथं फिल्म इन्स्टिट्यूट आहे, तो प्रभातचाच स्टुडिओ. लेक रोज क्लासला प्रभात रोडवरून जाते. ‘म्हणजे आपल्यासारखेच कोल्हापूरहून पुण्यात आले ते,’ असं ती पटकन बोलून गेली. ‘आपल्यासारखेच’ म्हणाली, मला भरून आलं.

त्यामुळेच ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली, तेव्हा घरच्या ग्रुपवरचे व्हिडिओ बघून ती माझ्याइतकीच रडली. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभारलेलं ते थिएटर, शेजारी कुस्तीचं खासबाग मैदान. ज्यांचं नाव त्याला आहे, त्या संगीत नाटकांतल्या गायक-नट केशवरावांची दुसऱ्याच दिवशी जयंती. आजीचा हात धरून तिनं तिथं बालनाट्य पाहिलं होतं. आपल्या मालकीचं काही जळाल्यासारखं तिला वाटलं, आणि ते शिकवून येत नाही.

रंकाळा, अंबाबाई, तांबडा-पांढरा हे सगळं आहेच. त्यासाठी वेगळे कष्ट पडत नाहीत, आजीच्या घरी गेलं की ते ओघानं होतं.

आता तुमच्या मिरजेचं. गाण्यात बुडालेल्या मुलीची आई आहात आणि गाव मिरज, तुम्हाला तर फार शोधावंच लागणार नाही. सतार आणि तंबोरे बनवणाऱ्यांची घरं पिढ्यान्‌पिढ्या तिथं आहेत. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. किराणा घराण्याचे थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात आहे आणि उरुसात तिथं गायन-वादन चालतं. पण उरुसाच्या गर्दीत पहिल्यांदा नेऊ नका. एखाद्या साध्या दिवशी सकाळी सतारमेकरांच्या दुकानात जा. सतारीसाठी भोपळा कसा निवडतात, कसा कापतात, तारा कशा चढवतात, हे तिलाच विचारू द्या. तुम्ही मध्ये बोलू नका. कारागीर जवारी लावत असतील, म्हणजे तारेचा आवाज घुमावा म्हणून घोडी घासून नीट करत असतील, तर थोडा वेळ बसायची परवानगी मागा. ती ज्या गाण्यांत दिवसभर असते, त्यातल्या एखाद्यात सतार वाजत असेलच, तेच गाणं आदल्या रात्री तिच्याकडून ऐकून ठेवा, म्हणजे दुकानात बोलायला विषय तिच्याकडे असेल.