भाऊ ऐकत नाही, मग मी गप्प बसायचं का?

"मी प्रेमानेच सांगितलं, तरी दादाने झिडकारलं. बोलले तर नातं जातं, गप्प राहिले तर देवापुढे दोषी ठरते. करू काय?" घरात एकट्यानेच बाप्तिस्मा घेतलेल्यांकडून हा प्रश्न मला वरचेवर ऐकू येतो. त्यातलीच एक हकिकत, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून.

या ताई पेशाने नर्स. माहेर वारकरी, दादा माळकरी. भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर ताईंनी मिठाईबरोबर बायबलचा नवा करार दादांच्या हातात ठेवला. दादांनी तो ताईंच्याच पिशवीत परत घातला. म्हणाले, "हे सोडून काहीही आण."

"दारच लावून घेतलं हो," ताईंना रडू फुटलं.

"ओवाळणी घातली का?" मी विचारलं.

"घातली. साडी दिली. वहिनीने चकल्याही बांधून दिल्या."

म्हणजे दादांनी पुस्तक परत केलं होतं, बहीण ठेवून घेतली होती. ताई मात्र सगळंच नाकारलं गेल्याचं धरून चालल्या होत्या.

मग त्यांनी मोबाइल दाखवला. रोज सकाळी फुलांच्या चित्रावर बायबलचं एक वचन, खाली निळ्या टिका, उत्तर नाही. मधेच दादांचा एक मेसेज: "पायाची जखम भरत नाहीये." त्याला ताईंचं उत्तर होतं स्तोत्र १०३, 'तो तुझे सर्व रोग बरे करतो'. बास. पुढे जखमेची चौकशीच नाही. आणि ताई नर्स!

"शुगर आहे का त्यांना?" एवढंच मी विचारलं. ताई ओशाळल्या.

मार्कच्या शुभवर्तमानाच्या १० व्या अध्यायातला श्रीमंत माणूस येशूचं म्हणणं न पटल्याने खिन्न होऊन निघून जातो. येशूची त्याच्यावर प्रीती होती, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. तरी येशू त्याच्यामागे धावत नाही, अटही सैल करत नाही. येशूचा शिष्य पेत्र आपल्या पहिल्या पत्रात (३:१५) विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार राहा म्हणतो, तेही सौम्यतेने. दादांनी विचारलं कुठे होतं?

इथे ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळकांचं उदाहरण हमखास निघतं. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ चा, पत्नी लक्ष्मीबाईंचा १९००चा. मधली वर्षं दोघांनाही जड गेली, आणि शेवटी लक्ष्मीबाईंनी निर्णय घेतला तो स्वतःच्या मनाने. पण 'पाच वर्षं थांबा, फळ मिळेल' असा हिशेब त्यातून कुणी मांडू नये. कित्येक घरांत उत्तर कायम 'नाही' असंच राहतं.

ताईंना मी सुचवलं, दादांना एकदाच सरळ सांगा: "माझा विश्वास मी लपवणार नाही, तुला विचारावंसं वाटलं तर सांगेन, पण रोजची वचनं बंद करते." शिवाय वॉर्डातल्या पेशंटपुढेही जपून. सलाइन लावलेला माणूस नर्सला 'नको' म्हणू शकत नाही. त्याच्या गप्प राहण्याला होकार समजू नये.

चर्चच्या मंडळीतल्या काहींना हा सल्ला पळपुटेपणाचा वाटतो. वाटो. प्रार्थना करायला ताईंना कुणी अडवलेलं नाही.

परवा त्यांचा फोन आला होता. दादा त्या विषयावर अजून एक शब्द बोलत नाहीत. ड्रेसिंग मात्र ताईंकडूनच करून घेतात, आणि दुसऱ्या कुणी केलेलं त्यांना पसंत पडत नाही.