काकांच्या बिछायत केंद्रासाठी सिस्टीम बनवायचीय, रिक्वायरमेंट काढायला सुरुवात कुठून करू?

तू लिहिलंयस की काकांचं नागपुरात मानेवाड्याला बिछायत केंद्र आहे, म्हणजे लग्नाकार्याला खुर्च्या, भांडी, सतरंज्या किरायाने द्यायचं दुकान, फायनल इयरचा प्रोजेक्ट त्याच्यावरच करायचाय, आणि रिक्वायरमेंटसाठी, म्हणजे सिस्टीमने काय काय करायला पाहिजे ते कळायला, काकांना वीस प्रश्नांचा फॉर्म दिला तर ते सगळ्याच्या पुढे "हो, पाहिजे" लिहून मोकळे झाले. तो फॉर्म ठेवून दे बाजूला. ज्या सकाळी लग्नाचा माल परत येतो त्या सकाळी दुकानात जाऊन बस, बुकिंगच्या नाही, परतीच्या दिवशी.

मी हेच माझ्या मामाच्या दुकानासाठी केलंय आणि पहिल्यांदा चांगला तोंडावर आपटलोय. मामा बुकिंग कसं घेतो तेवढं बघून मी सिस्टीम बनवली, लॉगिन काय, रंगीत कॅलेंडर काय. मग मे महिन्यात एकदा परतीचा टेम्पो आला तेव्हा मी तिथे होतो. पोट्टे गोणीतून ताटं काढून मोजतायत, 300 गेली होती 287 आली, दोन गंजांच्या (मोठ्या पातेल्यांच्या) कानावर आमचा लाल ऑइलपेंटचा पट्टाच नाही, निळा आहे, म्हणजे आचाऱ्याकडे दुसऱ्या कोणाच्या मालाशी अदलाबदल झालेली, एक कढई फुटलेली, आणि 40 खुर्च्या पार्टीने "राहू द्या ना उद्यापर्यंत" म्हणून ठेवून घेतलेल्या. हे टाकायला माझ्याकडे जागाच नव्हती, 'माल परत आला' असं एकच बटण होतं. मामा वहीत खरडत म्हणाला, "हे वही तं कधी हँग नाही होत बे."

तर काकांची वही हाच तुझा रिक्वायरमेंटचा कागद. मागच्या सीझनच्या तीन महिन्यांच्या पानांचे फोटो काढ आणि छापील रकान्यांपेक्षा समासात काय लिहिलंय ते वाच. मामाच्या वहीत जागोजागी 'दु. 60' असं होतं, मला वाटलं दुपारी काहीतरी. निघालं काय तर दुसऱ्याकडून आणलेल्या 60 खुर्च्या! माल कमी पडला की हे लोक शेजारच्या केंद्रातून उचलतात, त्याचा किराया आपण द्यायचा, गिऱ्हाइकाकडून आपल्या रेटने घ्यायचा, आणि परत करताना त्याचे त्यालाच गेले पाहिजेत. हे त्यांना इतकं रोजचं आहे की विचारल्यावर कोणी सांगत नाही.

आता डिझाइन. माल दोन जातीचा असतो हे आधी ठरव. खुर्च्या, ताटं, सतरंज्या फक्त मोजायच्या, प्रत्येक खुर्चीला नंबर द्यायच्या भानगडीत पडू नको (मी पडलो होतो, हसू नको). कूलर, जनरेटर यांना मात्र एकेकाला नंबर दे कारण मोटर कोणत्या कूलरची जळाली ते कळलं पाहिजे, आणि आपल्याकडे कूलर उन्हाळाभर किरायाने जातात म्हणजे त्यांचा रेट दिवसाचा नाही, सीझनचा, तेव्हा रेटचा प्रकार वेगळा ठेव.

तारखांचं जास्त डोकं खातं. लग्न 12 चं, माल 11 च्या संध्याकाळी गेला, 13 ला दुपारी आला, मग भांडी घासून वाळेपर्यंत 14 उजाडली. बिल एका दिवसाचं, पण माल चार तारखांना अडकला. म्हणून बिलाचे दिवस वेगळे आणि माल अडकल्याच्या तारखा वेगळ्या, एकाच रकान्यात कोंबशील तर पस्तावशील.

शिल्लक काढताना माझी दुसरी चूक अशी की मधल्या सगळ्या बुकिंगची बेरीज करून वजा करायचो. समज 400 खुर्च्या आहेत, 12 तारखेला 250 बाहेर आणि त्या आल्यावर 14 ला दुसरीकडे 200 बाहेर. आता कोणी 12 ते 14 साठी 150 मागितल्या तर माझी सिस्टीम म्हणायची 450 गेल्या, नाही मिळणार. अरे पण त्या त्याच खुर्च्या फिरतायत! एकेका दिवसाची शिल्लक वेगळी काढायची आणि त्यातली सगळ्यात कमी ती खरी, इथे 12 तारखेला 150 उरतात म्हणजे ऑर्डर बसते.

आणि मालाचा आकडा हाताने बदलायची सोय ठेवूच नको. गेला, आला, फुटला, हरवला, नवीन घेतला, प्रत्येकाची वेगळी ओळ पडली पाहिजे, आकडा त्यातूनच निघेल, नाहीतर डिसेंबरात 13 ताटं कुठे गेली याचा पत्ता लागत नाही. बुकिंग झाली तेव्हाचा रेट बुकिंगच्या ओळीतच साठव, मालाच्या यादीतला उद्या बदलेल. डिपॉझिट कमाईत धरू नको, ते परत द्यायचंय. सेवेच्या धंद्याला वर्षाची उलाढाल 20 लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी लागते, तेव्हा बिलाला सलग नंबर आत्ताच दे.

रिपोर्ट मामा दोनच बघतो, उद्या कुठे काय पाठवायचंय आणि कोणाकडे काय बाकी आहे. डीएफडी (माहिती कुठून कुठे जाते त्याचं चित्र), ईआर डायग्राम (कोणती नोंद कशाशी जोडलेली त्याचं चित्र) परीक्षकांसाठी काढ, छान काढ, मार्क आहेत त्याला, पण काकांना दाखवू नको, त्यांना मोबाइलवर मोठ्या अक्षरात मराठी स्क्रीन दाखव आणि परतीच्या स्क्रीनवर 'आले, फुटले, हरवले, बाकी, दुसऱ्याचा आला' असे पाच आकडे टाकायची जागा ठेव.

चालू कधी करायचं? उन्हाळ्याच्या लग्नसराईत तर अजिबात नाही. आषाढी एकादशीनंतर लग्नं थांबतात तेव्हा सगळा माल गोदामात परत आलेला असतो, तो मोजून घे आणि तिथून सुरू कर, जुन्या वह्या टाइप करत बसू नको. गणपतीत आणि दसऱ्याला दीक्षाभूमीच्या वेळी भोजनदानवाले भांडी नेतात तेव्हा वही आणि सिस्टीम दोन्ही सोबत चालव, रोज रात्री ताळा जुळवून बघ. तुळशीच्या लग्नापर्यंत जे जुळत नाही ते सगळं सापडतं. मामाची वही तेव्हापासून गल्ल्याखाली आहे, समासात अजूनही 'दु.' लिहितोच म्हणा.