पेशी भरपूर, तरी ताप का?

प्रश्न : माझ्या बाबांना (वय 68) जानेवारीत सीएलएल हा रक्ताचा सावकाश वाढणारा कॅन्सर असल्याचं कळलं. पांढऱ्या पेशी 48,000 आहेत. डॉक्टर म्हणतात, सध्या औषध नको, तीन महिन्यांनी सीबीसी करून दाखवा. पण थंडीत त्यांना दोनदा छातीत कफ होऊन ताप आला. पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे सैनिक ना? मग एवढे सैनिक असून ही गत का? तळजाईवर फिरायला येणारे लोक गुळवेलाचा काढा द्या म्हणतात, प्रतिकारशक्ती वाढेल. द्यावा का? शिवाय बाबांना दरवर्षीसारखं पालखीच्या दर्शनाला जायचंय.
– एक वाचक, सहकारनगर, पुणे

उत्तर : 31 वर्षं मी पुण्यात रक्ताच्या स्लाइड बघतेय, आणि हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक सीएलएलच्या घरातून येतो. तो अगदी योग्य आहे.

सीएलएलची स्लाइड मायक्रोस्कोपखाली धरली की सगळ्या लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) एकाच साच्यातून काढल्यासारख्या दिसतात. लहान, गोल, केंद्रक भेगाळलेल्या जमिनीसारखं. मधूनमधून शाईवर बोट फिरल्यासारखे जांभळे फराटे. या पेशी इतक्या नाजूक, की रक्ताचा थेंब काचेवर ओढतानाच चिरडतात. नव्या टेक्निशियनला वाटतं आपलाच हात चुकला. मी त्याला सांगते, ही स्लाइड टाकू नकोस, हे फराटे म्हणजे आजाराची खूण आहे.

तुमचं उत्तर त्या एका साच्यात आहे. निरोगी माणसाच्या बी-लिम्फोसाइट लाखो तऱ्हांच्या असतात, प्रत्येक तऱ्हा वेगळा जंतू ओळखणारी. बाबांच्या रक्तातल्या बहुतेक बी पेशी एकाच बिघडलेल्या पेशीची पिलावळ आहेत. त्यांना नवा जंतू ओळखता येत नाही आणि कामाच्या अँटिबॉडीही त्या बनवत नाहीत. चांगल्या बी पेशी मागे पडतात, रक्तातली इम्युनोग्लोब्युलिनं, म्हणजे अँटिबॉडी, कमी होतात. वारंवार छाती भरते ती त्यामुळे.

बाकीच्या पेशींचं काय होतं, हे मला जास्त अस्वस्थ करतं. टी पेशी हाही लिम्फोसाइटचाच एक प्रकार, त्यांचं काम रोगट पेशी मारायचं. सीएलएलमध्ये त्या संख्येने बऱ्याचदा वाढलेल्या असतात, पण थकलेल्या. शत्रूला चिकटून वार करणंच त्यांना नीट जमत नाही. मॅक्रोफेजच्या, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशींच्या, कुळातल्या काही पेशी तर लसिकाग्रंथींमध्ये कॅन्सरच्या पेशींना चक्क पोसतात. सीएलएलच्या पेशी शरीराबाहेर काढून नुसत्या बशीत ठेवल्या तर थोड्या दिवसांत मरतात. या दाईसारख्या पेशी सोबत ठेवल्या की तगून राहतात. इब्रुटिनिबसारख्या सीएलएलवरच्या गोळ्या पेशींचा हा आसराच तोडतात. मग पेशी ग्रंथींतून रक्तात उतरतात आणि सुरुवातीला काउंट उलट वाढतो. पुढेमागे बाबांना अशी गोळी सुरू झाली आणि आकडा चढला, तर घाबरून ती स्वतःहून बंद करू नका. आधी डॉक्टरांना फोन करा.

आता काढा. नका देऊ. इथे बिघाड ताकद कमी पडल्याचा नाही, काढ्याने तो सुधारणार नाही. वर 2021 मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्यांमध्ये यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदवले आहेत. तळजाईवरची माणसं मायेनेच सांगतात, पण बाबांना फिरायला त्यांची सोबत असली तरी पुष्कळ झालं.

त्यापेक्षा पुढच्या सीबीसीबरोबर आयजीजीची (रक्तातल्या मुख्य इम्युनोग्लोब्युलिनची) पातळी बघायची का, हे डॉक्टरांना विचारा. फ्लूची लस दरवर्षी, शिवाय न्यूमोनियाची आणि नागिणीची. औषधं सुरू व्हायच्या आधी घेतल्या तर लसी जास्त लागू पडतात. जिवंत विषाणूंच्या लसी मात्र टाळायच्या. देणाऱ्याला सीएलएल असल्याचं आधीच सांगा.

पालखीला बाबांना जाऊ द्या. औषध नको या टप्प्यावर घरात कोंडून ठेवण्यासारखं काही नाही. फक्त नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या रांगेत तासन् तास चेंगरून उभं राहायला नको. पालखी शहरात शिरते तेव्हा रस्त्याच्या कडेला, मोकळ्या जागी, नीट बसणारा मास्क लावून दर्शन घेऊ द्या. घरी थर्मामीटर ठेवा. ताप 100.4 च्या वर गेला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघू नका, रात्र असली तरी निघा.