रंगहीन, सहा बाजूंचा स्फटिक क्वार्ट्झ आहे, कॅल्साइट आहे की काच, हे घरच्या घरी कसं ओळखावं?

चाकूने ओरखडून पाहू का, असं तुम्ही विचारलंय. ओरखडा अगदी शेवटी. चकचकीत पैलूवर चरा उमटला की नमुना कायमचा बिघडतो, आणि बरेचदा त्याआधीच उत्तर मिळालेलं असतं.

आधी दहापट भिंग घ्या. दिव्याचा प्रकाश तिरपा पडू द्या आणि स्फटिक हळूहळू फिरवा. क्वार्ट्झच्या उभ्या पैलूंवर आडव्या बारीक रेषा असतात, एका ठरावीक कोनात त्या एकदम चमकतात. रेषा लांबीच्या दिशेने गेल्या असतील तर टोपाझ या दुसऱ्याच खनिजाचा संशय घ्या. रेषाच नसतील तर पैलू घासून पॉलिश केलेले असू शकतात. आत अगदी गोल बुडबुडे दिसले तर बहुधा काच. छापील ओळीवर ठेवून पाहा: स्वच्छ कॅल्साइटमधून अक्षरं दुहेरी दिसतात.

मग घनता. 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा लागेल. कोरडा स्फटिक तोला. पाण्याचा ग्लास काट्यावर ठेवून आकडा शून्य करा आणि बारीक दोऱ्याने स्फटिक पूर्ण बुडेल असा लटकवा. पहिलं वजन भागिले आताचा आकडा, ही घनता. 53.00 ग्रॅमचा स्फटिक पाण्यात 20.00 दाखवत असेल तर 2.65, म्हणजे क्वार्ट्झशी जुळलं. कॅल्साइट 2.71, टोपाझ 3.5 च्या आसपास, साधी काच साधारण 2.5. चुका होतात त्या इथेच: स्फटिक तळाला टेकतो, किंवा त्याला हवेचे बुडबुडे चिकटतात आणि घनता कमी येते. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका, बुडबुडे सुटतात. बुडाला मूळ खडक चिकटलेला असेल तर हा आकडा धरूच नका.

2.65 आणि 2.71 मधला फरक फार थोडा आहे, म्हणून कॅल्साइटची खात्री व्हिनेगरने करा. तुटलेल्या बुडावर एक थेंब टाकून भिंगातून बघा. कॅल्साइटवर बारीक फेस येतो, क्वार्ट्झ ढिम्म राहतो. थेंब लगेच धुवा, नाहीतर कॅल्साइटची झळाळी जाते.

तरीही शंका उरली तर त्याच बुडावर पोलादी खिळा ओढा. करडी रेघ उमटली तर ओल्या बोटाने चोळा. पुसली गेली तर तो खिळ्याचा धातू होता, ओरखडा नव्हे. कॅल्साइटवर खरी खाच पडते.

प्रयोगशाळेत वाढवलेला क्वार्ट्झ मात्र घनता, व्हिनेगर आणि खिळा या चाचण्यांत नैसर्गिकासारखाच उतरतो.