आधी बुंध्याशी बस
पानं हिरवीगार आहेत म्हणून झाड सुरक्षित, असं समजू नकोस. आतून पोकळ झालेलं झाडही भरघोस पालवी धरतं, कारण पाणी वर चढतं ते सालीलगतच्या लाकडातून. म्हणून आधी बुंध्याशी बस. मुळांशी उगवलेली भूछत्रं, मातीला पडलेली ताजी भेग, एका बाजूने उचललेली जमीन, या खऱ्या धोक्याच्या खुणा. वर्षानुवर्षं कललेलं झाड बहुधा स्वतःला सावरून घेतं. नुकतंच कललेलं मात्र लगेच तपास. शेजारी केबलसाठी चर खणला होता का, तेही विचार. मुळं तिथेच तुटतात.

लाकडी हातोडीने खोड ठोकून ऐक. पोकळ आवाज आला तरी करवत काढायची घाई नको. पोकळीभोवतीच्या शाबूत लाकडाची जाडी खोडाच्या त्रिज्येच्या ३० टक्क्यांहून जास्त असेल, तर खोड सहसा तग धरतं. अर्थात हा ढोबळ आडाखा आहे. पुष्कळदा एक वाळकी फांदी उतरवली की भागतं, आणि झाड वाचलं की मला आजही बरं वाटतं.

तोडायचंच ठरलं तर परवानगी घे, घरटी बघ, तारांमधली वीज बंद झाल्याची स्वतः खात्री कर. गजबजलेल्या रस्त्यावर झाड सबंध पाडू नये. शेंड्याकडून तुकडे करत दोराने खाली सोडावं.