परत पॅराशूटने उडी मारायची आहे? आधी कॅनोपी (पॅराशूटची छत्री) मोठी घ्या

दादा, मोठ्या खंडानंतर परत स्कायडायव्हिंग करायचंय, सामान कोणतं घेऊ, असं तुम्ही विचारलंत; नेरुळमधून कुणीतरी परत आकाशात जायचं म्हणतंय हे वाचून फार बरं वाटलं. फक्त खरेदीची घाई नको. आधी ड्रॉपझोनवर (जिथे उड्या मारतात त्या केंद्रावर) रिफ्रेशर ट्रेनिंग करा आणि पहिल्या उड्या तिथल्याच भाड्याच्या रिगवर (पाठीवरचा पॅराशूटचा पूर्ण संच) मारा.

सगळ्यात जास्त चुका होतात मेन, म्हणजे मुख्य, कॅनोपीच्या साइजमध्ये. ‘पूर्वी 150 चौरस फुटांची उडवायचो’ म्हणून परत तीच घ्यायची, असं करू नका. वजन वाढलेलं असतं, हाताची सवय गेलेली असते. हिशोब सोपा आहे: तुम्ही 75 किलो, रिग-कपडे 12, म्हणजे 87 किलो, साधारण 192 पाउंड. त्याला 190 चौरस फुटांची कॅनोपी म्हणजे विंग लोडिंग (दर चौरस फुटावर येणारे पाउंड) 1 च्या आसपास. सध्या लोडिंग त्याच्या वर नेऊच नका. रिझर्व्हलाही (राखीव पॅराशूटलाही) हाच हिशोब; तिथे बघायचं लोक हमखास विसरतात.

सेकंडहँड चालेल, पण पैसे देण्याआधी रिगरकडून (पॅराशूट तपासणाऱ्या तंत्रज्ञाकडून) तपासून घ्या. एएडीची (वेळेत काही उघडलं नाही तर रिझर्व्ह आपोआप उघडणाऱ्या यंत्राची) मुदत संपत आली असेल तर नव्याचा खर्च धरूनच भाव करा. हार्नेस (अंगावरचे पट्टे) अंगावर नीट बसायलाच हवा.

माळ्यावरची जुनी रिग तशीच वापरू नका. खाडीकाठच्या दमट हवेत बकल-रिंगांना गंज धरतो आणि उन्हाने नायलॉन कमजोर होतं.

स्वूपिंग (जमिनीलगत वेगात उतरणं) वगैरे पुढे बघू. कटअवे (बिघडलेली मेन कॅनोपी सोडून देणं) आणि रिझर्व्ह हँडलचा सराव मात्र इन्स्ट्रक्टरकडून नीट करून घ्या, मग घरी रोज. आत्ताचं वजन आणि जुना लायसन्स कोणता ते कळवा, साइज ठरवू.